चार सेंटीमीटर पाणी

टाकीत पाणी किती आहे हे बघितल्याशिवाय गणिताच्या बाईंचा सकाळचा चहा घशाखाली उतरेनासा झाला होता. टाकी घरची नव्हे, शाळेची. ती दीड किलोमीटरवर, शाळेच्या गच्चीत, आणि बाई इथे स्वयंपाकघरात, एका हातात गाळणं आणि दुसऱ्या हातात मोबाईल. सहाला एक मिनिट कमी होतं. सहा वाजले की टाकीच्या झाकणाखाली बसवलेला सेन्सर आकडा पाठवणार होता, आणि निदान आज तरी तो हललेला नसावा एवढंच बाईंचं देवाकडे मागणं होतं. एरवी देवाला त्या फारसा त्रास देत नसत.

काल संध्याकाळी सहाचा आकडा होता सत्तर सेंटीमीटर. मोबाईल थरथरला. सहासष्ट.

"मेलं!" बाई म्हणाल्या, आणि चहा कपाऐवजी ओट्यावर गाळला गेला.

चार सेंटीमीटर म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढं. पण अडीच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद टाकीत चार सेंटीमीटर म्हणजे दोनशे लिटर पाणी. ते रोज रात्री जात होतं. गेले तीन आठवडे रोज, न चुकता. आणि गेल्या दोन रात्री वेगळ्या होत्या, कारण गच्चीच्या दाराला आणि टाकीच्या व्हॉल्व्हला परवा संध्याकाळी नवी कुलुपं लावली होती, आणि त्यांच्या सगळ्या किल्ल्या बाईंच्या पर्समध्ये होत्या. पर्स दोन्ही रात्री उशाशी होती. म्हणजे आता चोर धरायचा तर बाईंनाच धरायला हवं होतं.

हे सगळं सुरू झालं होतं एका गणितापासून. एक नळ टाकी तीन तासांत भरतो, दुसरा पाच तासांत रिकामी करतो, दोन्ही एकदम उघडले तर टाकी किती वेळात भरेल? पिढ्यान्‌पिढ्या मुलं हे गणित सोडवत आली आणि पिढ्यान्‌पिढ्या मनातल्या मनात विचारत आली की दोन्ही नळ एकदम उघडणारा हा शहाणा कोण. बाईंच्या वर्गात मात्र एकीने ते मोठ्याने विचारलं. या मुलीला सगळे 'कशाला' म्हणत, कारण तिचं प्रत्येक वाक्य त्याच शब्दाने सुरू व्हायचं. "कशाला उघडतात पण बाई दोन्ही? डोकं फिरलंय का त्यांचं?"

वर्ग हसला. बाईही हसल्या, पण ते त्यांच्या डोक्यात बसलं. महिनाभर खटपट करून त्यांनी एक छोटा सेन्सर मिळवला, गच्चीवरच्या टाकीच्या पत्र्याच्या झाकणाला आतून बसवला आणि मोबाईलला जोडला. सेन्सर वरून आवाज सोडतो, आपल्याला ऐकू न येणारा. तो पाण्यावर आपटून परत येतो. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती खाली आहे ते कळतं. वर्गातल्या पडद्यावर टाकी दिसायला लागली. बाथरूमचे नळ सुटले की आकडा घसरे, पंप लागला की चढे, आणि ज्या मुलांना आलेख म्हटलं की पोटात दुखायचं ती मधल्या सुट्टीत डबा तोंडात कोंबून आलेख काढायला धावत. बाईंना वीस वर्षांत एवढं सुख झालं नव्हतं. गणित पुस्तकातून उठून गच्चीवर जाऊन बसलं होतं.

सेन्सरची बॅटरी लवकर संपायची, म्हणून शाळा नसताना तो फक्त दोनदा आकडा पाठवी, संध्याकाळी सहाला आणि सकाळी सहाला. मुलं ते दोन ठिपके पट्टीने जोडत. रेघ उतरती यायची. रोज. शाळा बंद, नळ बंद, व्हॉल्व्ह बंद, आणि रेघ खाली.

"रेघ सरळ कशाला काढायची?" कशालाने तेव्हाच विचारलं होतं. "मधे काय झालं ते आपल्याला कुठे माहितीये?"

"दोन बिंदू असले की एकच रेघ जाते. बस खाली," बाई म्हणाल्या होत्या. त्यांना पुढचं शिकवायची घाई होती.

प्लंबर आला. त्याने टाकीच्या भोवती फिरून, भिंतींवर हात फिरवून, कुठे थेंबही गळत नाही असं सांगितलं. मग उरलं काय? किल्ल्या एकाच माणसाकडे असायच्या. शाळेचा शिपाई. घंटा तो द्यायचा म्हणून मुलं त्याला घंटाकाका म्हणत. सत्तावीस वर्षं त्यांनी घंटा दिली होती, पंप लावला होता, आणि फाटकाजवळच्या दोन खोल्यांत बायकोबरोबर संसार केला होता. पलीकडच्या मोकळ्या जागेत कुणाचं तरी बांधकाम चाललं होतं. बांधकामाला पाणी लागतं. दोन आणि दोन चार करायला मुलांना वेळ लागला नाही. "बाई, गणिताने चोर पकडला!" असं एक जण ओरडला, आणि बाईंनी, हे आता आठवलं की त्यांना जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं वाटे, बाईंनी हसून म्हटलं होतं, "गणित खोटं बोलत नाही."

ते वाक्य मुख्याध्यापिकांपर्यंत पोचलं. त्यांना शाळेत मोठ्या बाई म्हणत. मोठ्या बाईंनी काकांना बोलावून किल्ल्या काढून घेतल्या आणि रविवारपर्यंत खोल्या रिकाम्या करा म्हणून सांगितलं. त्याच संध्याकाळी नवी कुलुपं लावली आणि किल्ल्या गणिताच्या बाईंच्या हातात ठेवल्या. "आकडे तुमच्याकडे आहेत, किल्ल्याही तुमच्याकडेच राहू द्यात."

काका आरडाओरडा करतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी नुसतं बाईंकडे बघितलं. "बाई, मी रोज संध्याकाळी काठी टाकतो टाकीत, आणि सकाळी परत टाकतो. काठी तर तेवढंच सांगते."

काठीवर त्यांनी बोटाबोटाच्या अंतराने खाचा पाडलेल्या होत्या. बाईंनी ती कितीदा पाहिली होती. "काका," त्या म्हणाल्या होत्या, "काठीला काय कळतंय?" बोलताना त्यात कडवटपणा नव्हता, असं त्या गेले दोन दिवस स्वतःला समजावत होत्या.

काल सकाळी नव्या कुलपातूनही दोनशे लिटर गेले तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, "डुप्लिकेट केली असणार. किंवा कुलूपवाल्याशी संगनमत." आज पुन्हा गेले. सत्तावीस वर्षं घंटा देणारा माणूस नव्या कुलुपाची किल्ली एका रात्रीत पाडून, अंधारात गच्ची चढून, दोनशे लिटर पाणी नेमकं मोजून नेतो? तेही रोज तेवढंच? कुठलाही चोर एखाद्या दिवशी तरी आळस करेल. बाई ओटा पुसत राहिल्या. आणि आज अकराला शिक्षण खात्याची माणसं यायची होती. मोठ्या बाईंनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. पाठाचं नावच कार्यक्रमपत्रिकेवर छापलं होतं: 'गणिताने शोधली पाण्याची गळती'. 'चोरी' हा शब्द मोठ्या बाईंनी शेवटच्या क्षणी खोडला होता, पण पाहुण्यांच्या कानावर तो आधीच गेला होता.

नवरा बेकरीत कामाला, तो चारलाच घराबाहेर पडलेला. घरात बाई आणि सासरे. सासरे पोलीस बँडमध्ये तीस वर्षं क्लॅरिनेट वाजवून निवृत्त झाले होते, आणि आता रोज सकाळी सव्वासहाला मागच्या गॅलरीत बसून शेजाऱ्यांना उठवायचं काम करीत. बाईंनी त्यांच्या मोबाईलवर सूर तपासायचं ॲप घालून दिलं होतं. सूर बरोबर लागला की काटा मधे येई, उतरला की डावीकडे कले. म्हातारबुवांना त्याचा असा नाद लागला होता की वाजवण्यापेक्षा काट्याशी भांडण जास्त.

बाई चहा घेऊन गॅलरीत गेल्या. थंडी चांगलीच पडली होती. सासऱ्यांनी मफलर नाकापर्यंत ओढून एक लांब सूर काढला. काटा डावीकडे.

"बिघडलंय वाटतं," बाई म्हणाल्या. आज त्यांना सगळीच यंत्रं बिघडलेली हवी होती.

"काय बिघडलंय?"

"ॲप. किंवा तुमचं क्लॅरिनेट."

"हात लावू नकोस," सासरे म्हणाले. "काहीही बिघडलेलं नाही. थांब जरा, बघ गंमत." त्यांनी भोकांवर बोटं ठेवली आणि न वाजवता नळीत नुसती ऊन ऊन फुंकर घालत राहिले. मग तोच सूर काढला. काटा सरकत सरकत मधे आला. "बघितलंस? क्लॅरिनेट तेच, बोटं तीच, मोबाईल तोच. आतली हवा थंड होती. गार हवेत सूर जड चालतो, ऊन हवेत पळतो. बँडच्या पोरांना मी हे काठीने शिकवलंय. जानेवारीत परेड असली की आधी अर्धा तास फुंका, मग वाजवा."

बाईंचा कप ओठांपाशीच राहिला.

"काय चालतो?"

"सूर, अगं. आवाज."

"गार हवेत हळू?"

"तू शिकलेली ना गं?" सासरे म्हणाले. पण ते ऐकायला बाई गॅलरीत नव्हत्या.

त्यांनी चपला घातल्या त्या एक स्वतःची आणि एक नवऱ्याची. हे त्यांना शाळेच्या फाटकात कळलं. रस्त्याने चालताना, मधेच धावताना, त्यांच्या डोक्यात एकच हिशेब फिरत होता. सेन्सर आवाज सोडतो. परत यायला लागलेला वेळ मोजतो. वेळेला आवाजाच्या वेगाने गुणतो. तो वेग ॲपमध्ये भरला कोणी? आपणच. कधी? दुपारी एकला, मधल्या सुट्टीत, कारण तेव्हाच आपल्याला वेळ होता. पत्रा तव्यासारखा तापलेला होता, आतली हवा भाजून निघत होती, आणि आपण टेप लावून, आकडा जुळेपर्यंत वेग सरकवत बसलो. जुळला तेव्हा टाळी वाजवली. संध्याकाळी सहालाही ती ऊब टिकलेली असते, पण सकाळी सहाला आत कडाक्याची थंडी. आवाज हळू. परत यायला उशीर. आणि मोबाईलला वाटतं, उशीर झाला म्हणजे पाणी खाली गेलं.

पाणी कुठेच गेलं नव्हतं. आवाज थंडीत सावकाश चालला होता. एवढंच.

फाटकाजवळ काकांच्या खोलीत दिवा होता. दारात दोन बोचकी बांधून ठेवली होती, आणि काकांची बायको भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. तिने बाईंकडे बघितलं आणि परत मान खाली घातली. बाई तशाच पुढे गेल्या. आधी खात्री करायला हवी. खात्री न करता एकदा बोलून काय झालं ते समोरच बांधून ठेवलेलं होतं.

गच्चीवर त्यांनी झाकण उचललं आणि पोलादी टेप सोडली. घाईत टेप दोनदा तिरकी गेली. तिसऱ्यांदा सरळ उतरली. पाणी बरोबर सत्तर सेंटीमीटर. काल संध्याकाळइतकंच. मोबाईल बापडा अजून सहासष्टच म्हणत होता.

परत फिरताना त्यांना दाराची गच्चीकडची बाजू दिसली. वर कुणी आलं की दार उघडून भिंतीला टेकवलेलं असे, म्हणून ती बाजू कधी कुणी पाहिली नव्हती. आज त्यांनी गच्चीवर येताना ते ओढून घेतलं होतं. तिथे खडूच्या बारीक रेघा होत्या. दोन दोनच्या जोड्या, एक संध्याकाळची, एक सकाळची, शेजारी शेजारी. दार वरपासून खालपर्यंत भरलेलं. प्रत्येक जोडीतली दुसरी रेघ पहिलीच्या बरोबरीने होती, एकही वर नाही, एकही खाली नाही. शेवटची जोडी अर्धी होती. सोमवार संध्याकाळची रेघ होती, मंगळवार सकाळची नव्हती, कारण तोवर किल्ल्या काढून घेतल्या होत्या. काठीला काय कळतंय, असं आपण म्हणालो होतो. बाई पायरीवर बसल्या आणि त्यांना रडू आलं, पण नीट रडायलाही सवड नव्हती.

मोठ्या बाई साडेसातला आल्या. गणिताच्या बाईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, टेप दाखवली, दाराचा फोटो दाखवला. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. सहा शाळांना असे सेन्सर मिळावेत म्हणून वर्षभर त्यांनी कार्यालयांचे उंबरे झिजवले होते, आणि तो कागद आज सहीला यायचा होता. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"तुम्ही म्हणता ते खरं असेल."

"असेल नाही, आहे."

"बरं, आहे. पण आज नको. पाहुणे जाऊ द्यात. संध्याकाळी काकांना मी स्वतः बोलावते, गळती सापडली म्हणून सांगू. प्रकरण मिटेल, कुणाची अब्रू जायला नको."

"कुणाची?"

"शाळेची," मोठ्या बाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमचीही."

काकांची तर गेलीच होती. ती कुणी मोजत नव्हतं. बाईंना हे बोलायचं होतं, पण त्या नुसत्या "बघते" म्हणून बाहेर पडल्या. आठ ते अकरा त्या एका जागी पाच मिनिटं टेकल्या नाहीत. पहिल्या तासाला फळ्यावर तेच उदाहरण दोनदा लिहिलं. दुसऱ्या तासाला खडू हातात असताना खडू शोधला. फक्त एक गोष्ट त्यांनी जाणूनबुजून केली. टाकीचा व्हॉल्व्ह त्यांनी उघडलाच नाही, पंपही लावू दिला नाही, आणि मोबाईलमध्ये शिरून सेन्सरला दर मिनिटाला आकडा पाठवायला सांगितलं. बॅटरी गेली चुलीत.

नऊच्या सुमाराला शाळेत बोंब झाली. नळाला पाणी नाही. बाथरूममधून पोरं ओरडायला लागली. पाहुण्यांच्या चहासाठी आधण ठेवायला पाणी नाही म्हणून मोठ्या बाई स्वतः मजल्यावर आल्या. "किल्ल्या तुमच्याकडे आहेत ना?"

"माझ्याकडेच आहेत."

"मग उघडा!"

"पाठ झाला की उघडते. बाटलीचं पाणी मागवा तोवर." गणिताच्या बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या बाईंना असं उत्तर दिलं, आणि मोठ्या बाई इतक्या चकित झाल्या की निमूटपणे बाटल्या मागवायला गेल्या.

अकराला पाहुणे आले. तीन पुरुष आणि एक बाई, खुर्च्या येईपर्यंत मागच्या बाकांवर अवघडून बसले. खुर्च्या आणायला काकांनाच बोलावलं होतं. रविवारी जायचं असलं तरी बुधवारी खुर्च्या उचलायला ते चालत होते. ते खुर्च्या ठेवून निघाले तशा बाई म्हणाल्या, "काका, जरा थांबता का? दारापाशी."

काका थांबले. कुठल्या तरी नव्या अपमानाची तयारी ठेवून थांबावं तसे.

पडद्यावर सकाळपासूनची रेघ होती. सहासष्टपासून निघालेली. आठला सहासष्ट आणि थोडं वर, ऊन झाकणावर आलं तशी सदुसष्ट, दहाला अडुसष्ट. आत्ता एकोणसत्तर. सगळ्यांच्या देखत पुढचा ठिपका पडला, केसभर वर.

"व्हॉल्व्ह बंद आहे," बाई म्हणाल्या. "पंप बंद आहे. सकाळपासून तुमच्यापैकी कुणाला नळाला पाणी मिळालं?"

"नाऽऽही!" वर्ग जीव तोडून ओरडला.

"मग टाकीत पाणी वाढतंय कसं?"

मग मागून एकाने हळूच म्हटलं, "चोराने परत आणून ओतलं असेल," आणि सगळे फिदीफिदी हसले. एक पाहुणाही हसला. काका दारापाशी खाली बघत उभे होते.

बाई हसल्या नाहीत. त्या कशालाकडे वळल्या. "तीन आठवड्यांपूर्वी तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी तुला खाली बस म्हटलं होतं. परत विचार."

ती पोरगी बिचकत उठली. "कुठला बाई? मी रोजच..."

"रेघेचा."

"रेघ सरळ कशाला काढायची. मधे काय झालं ते माहीत नसताना."

"बरोबर," बाई म्हणाल्या. मग त्यांनी फळ्यावर टाकी काढली, झाकण काढलं, ऊन काढलं, थंडी काढली. आवाज खाली जाताना आणि वर येताना काढला. सासऱ्यांचं क्लॅरिनेटही त्यांनी सांगितलं, एक सूर काढून दाखवायचा प्रयत्न केला आणि तो फसला. मागच्या पाहुण्याबाई पुटपुटल्या, "हे नववीच्या विज्ञानात आहे की. हवेच्या तापमानाने आवाजाचा वेग बदलतो."

"आहे," गणिताच्या बाई म्हणाल्या. "वरच्या मजल्यावर शिकवतात. मी खालच्या मजल्यावर असते."

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"म्हणजे पाणी कमी झालंच नव्हतं?" कशालाने विचारलं.

"एक थेंबही नाही."

"मग चोर?"

हा प्रश्न येणार हे बाईंना सकाळपासून ठाऊक होतं. तरी तोंडाला कोरड पडली, आणि शाळेत प्यायला पाणी नव्हतं. "चोर नव्हताच. वेग मी भरला होता, दुपारच्या उन्हात. चूक माझी होती, आणि मी तुम्हाला सांगितलं की गणित खोटं बोलत नाही. गणित नाही बोललं. मी बोलले. आणि ते मी एका माणसाबद्दल बोलले." त्या दाराकडे वळल्या. "काका, तुम्ही सांगितलं होतं काठी तेवढंच दाखवते म्हणून. मी बघायलाही आले नाही. माझं चुकलं."

काकांनी मान वर केली नाही. "जाऊ मी?" त्यांनी विचारलं. "घंटेची वेळ झालीय."

आणि ते गेले. दोन मिनिटांनी घंटा झाली, अगदी वेळेवर.

पाहुण्यांनी बाटलीतल्या पाण्याचा चहा घेतला, विचार करून कळवतो म्हणाले, आणि न सही केलेला कागद घेऊन गेले. मोठ्या बाई दिवसभर गणिताच्या बाईंशी बोलल्या नाहीत. पण शाळा सुटताना त्यांनी खोल्या रिकाम्या करायचा कागद स्वतः फाडला, आणि तुकडे केराच्या टोपलीत न टाकता गणिताच्या बाईंच्या हातात दिले. "तुम्हीच जाऊन सांगा," त्या म्हणाल्या.

बाई फाटकाजवळच्या खोलीत गेल्या. बोचकी अजून बांधलेलीच होती. काकांची बायको "बसा" म्हणाली नाही, पण तिने एका स्टुलावरची भांडी उचलली. बाईंनी पर्समधून किल्ल्या काढल्या आणि दोन्ही हातांनी पुढे केल्या.

काकांनी घेतल्या नाहीत. ते आत गेले, कोपऱ्यातली काठी घेऊन आले आणि म्हणाले, "आधी मोजू. चला."

"काका, मोजायचं काय त्यात? मी बघितलंय आता."

"तुम्ही देताना किती होतं ते लिहून घेतो," काका म्हणाले. "नंतर कुणी म्हणायला नको."

ते शांतपणे म्हणाले, रागाने नव्हे, आणि त्याचंच बाईंना जास्त लागलं. त्या त्यांच्यामागून चार मजले चढल्या. काकांनी काठी टाकली, काढली आणि ओली काठी बाईंसमोर धरली. "वाचा." बाईंनी वाचलं. काकांनी खिशातून वही काढली, नवी, पहिलं पान. बाईंनी आकडा लिहिला, वेळ लिहिली, खाली सही केली. तेव्हा कुठे काकांनी किल्ल्या घेतल्या.

सत्तावीस वर्षं रोज संध्याकाळी गच्चीवरून एक हाक यायची, "भरली होऽऽ!" आणि खाली कुणी मान वर करून बघतही नसे. भरली म्हणजे भरली. ती हाक आता येत नाही. ॲपमध्ये आता थंडी-उन्हाचा हिशेब घातलेला आहे, सेन्सर अचूक सांगतो, वर्गाचे आलेख पुन्हा जोरात चालले आहेत, आणि 'कशाला' आता प्रत्येक रेघेला अडवते. पण रोज संध्याकाळी सहाच्या आधी वर्गाच्या दारात काका येऊन उभे राहतात, एका हातात वही, दुसऱ्या हातात गळती काठी.

"काका, तुम्ही नुसतं सांगा ना," बाई रोज म्हणतात. "तुम्ही सांगाल ते मी मानते."

"नको," काका म्हणतात. "तुम्हीच वाचा."

बाई वाचतात, लिहितात. सही होईपर्यंत काका काठी खाली घेत नाहीत.